दिवाळीचं कार्ड घरच्या कॉम्प्युटरवर: कागद, अक्षर आणि घडी

घरच्या प्रिंटरवर काढलेलं भेटकार्ड फसतं ते कागदात, अक्षरात नाहीतर घडीत. चित्र साधं असलं तरी चालून जातं. पोरीने काढलेला वाकडा आकाशकंदीलसुद्धा कार्डावर गोड दिसतो. पण ‘हार्दिक’ची वेलांटी भलतीकडे गेली, शाई बोटाला लागली किंवा घडीवर पांढरी चीर पडली, की सगळी मेहनत वाया. म्हणून इथे चित्रकलेपेक्षा या तीन गोष्टींवर जास्त लिहिलं आहे. हिशोब ४० दिवाळी कार्डांचा धरला आहे.

सुरुवात दसऱ्याला सोनं वाटून झालं की करावी. तिथून लक्ष्मीपूजनापर्यंत २० दिवस मिळतात. पण आपल्याकडे विदर्भात हेच दिवस सोयाबीन काढायचे आणि कापूस वेचायचे. दिवसा कोणाला फुरसत नसते आणि रात्री लाइनचा भरवसा नसतो. त्यामुळे पहिले चार-पाच दिवस मजकूर, चित्र आणि एक नमुना कार्ड, पुढचे दोन-तीन दिवस छपाई आणि घडी, आणि दिवाळीच्या निदान दहा दिवस आधी कार्डं पोस्टात, असं गणित ठेवा.

माप आधी ठरवा

माप पाकिटावरून ठरवायचं, मनावरून नाही. स्टेशनरीच्या दुकानात सहज मिळणारं सी६ पाकीट ११४ × १६२ मिलिमीटरचं असतं. त्यात ए६ आकाराचं, म्हणजे १०५ × १४८ मिलिमीटरचं कार्ड आरामात बसतं. ए४ कागद (२१० × २९७) मधून आडवा कापला की दोन तुकडे होतात आणि प्रत्येक तुकडा मधोमध दुमडला की ए६ कार्ड होतं. एका ए४ मध्ये दोन कार्डं, ४० कार्डांना २० कागद. बिघडणारे चार धरून २४ घ्या.

मोठं कार्ड, म्हणजे अख्खा ए४ एकदाच दुमडून केलेलं, दिसायला भारदस्त असतं, पण टपालात महाग पडतं. हिशोब करून पाहा. २५० जीएसएमचा एक ए४ कागद साधारण साडेपंधरा ग्रॅम भरतो. जीएसएम म्हणजे एका चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन, आणि ए४ म्हणजे त्या चौरस मीटरचा सोळावा भाग. त्यावर मोठ्या पाकिटाचे आठ-दहा ग्रॅम चढले की पत्राचा २० ग्रॅमचा पहिला टप्पा ओलांडला जातो आणि तिकीट जास्त लागतं. २०० जीएसएमचं ए६ कार्ड सव्वासहा ग्रॅमचं, पाकीट पाचेक ग्रॅमचं, निवांत बसतं.

कागद

इथेच सगळ्यात जास्त पैसे वाया जातात. दुकानात ‘कार्डासाठी चांगला कागद द्या’ म्हटलं की लग्नपत्रिकेचा चकचकीत आर्ट कार्ड पुढे येतो. तो ऑफसेट प्रेससाठी असतो. घरच्या इंकजेट किंवा इंक टँक प्रिंटरची शाई पातळ, पाण्यासारखी असते. आर्ट कार्डावरचा गुळगुळीत थर ती शोषून घेत नाही. शाई वरच तरंगते, तासाभरानेही बोट फिरवलं तर फराटा उठतो. तोच आर्ट कार्ड लेझर प्रिंटरमध्ये मात्र बरा चालतो, कारण तिथे शाई नसून भुकटी असते आणि ती उष्णतेने कागदावर वितळवून चिकटवतात.

उलट चूकही होते. इंकजेटसाठीचा चकचकीत फोटो पेपर लेझर प्रिंटरमध्ये कधीच घालू नका. त्यावरचा थर आतल्या तापलेल्या रोलरला वितळून चिकटतो आणि दुरुस्तीला प्रिंटरच्या निम्म्या किमतीचा खर्च निघू शकतो.

इंकजेटवाल्यांनी दोन्ही बाजूंनी छापता येणारा मॅट पेपर मागावा, १८० ते २२० जीएसएमचा. ‘डबल साइड मॅट’ म्हटलं की जिल्ह्याच्या ठिकाणी कळतं. तालुक्याला तो मिळाला नाही तर चित्रकलेचा गुळगुळीत ड्रॉइंग पेपर किंवा साधा आयव्हरी कार्ड घ्या. ड्रॉइंग पेपरवर रंग थोडे मंद येतात, पण शाई पक्की बसते. तो ए४ पेक्षा मोठ्या शीटमध्ये मिळाला तर दुकानातूनच ए४ कापून आणा; घरी कापलेल्या कागदाची कड एक मिलिमीटरनेही तिरकी असली तरी तो प्रिंटरमध्ये तिरपा ओढला जातो.

जाड कागद घेण्याआधी तुमचा प्रिंटर कागद कुठून घेतो ते बघा. मागून, उभ्या ट्रेमधून घेत असेल तर कागदाला थोडंच वाकावं लागतं आणि २०० जीएसएम सहसा जातो. समोरच्या खालच्या ट्रेमधून घेत असेल तर कागद आत पूर्ण उलटा वळतो आणि जाड कागद तिथे अडकतो. अशा प्रिंटरवर जाड कागदाचा नाद सोडा. १०० जीएसएमच्या बॉण्ड पेपरवर चार पदरांचं, दोनदा दुमडलेलं कार्ड करा, त्याची मांडणी पुढे दिली आहे.

हातकागदाचा मोह बऱ्याच जणांना होतो, आणि विदर्भात तो साहजिक आहे. वर्ध्याच्या मगनवाडीत १९३४ साली ग्रामोद्योग संघाचं काम सुरू झालं, त्यात हातकागदही होता. पण त्या कागदाचे सुटे तंतू प्रिंटरच्या हेडला, म्हणजे शाई सोडणाऱ्या भागाला लागतात आणि छपाईत रेघा येतात. हातकागद वापरायचाच असेल तर तो कार्डाचं बाहेरचं अंग म्हणून वापरा. चित्र साध्या कागदावर छापून, कापून, त्यावर ग्लू स्टिकने चिकटवा. पातळ डिंक किंवा फेविकॉल नको, ओलाव्याने छापील कागद फुगून सुरकुततो.

अक्षर

मराठी टायपिंगसाठी विंडोजमधलाच मराठी कीबोर्ड पुरेसा आहे. विंडोज १० च्या २०१९ नंतरच्या आवृत्त्यांमध्ये भाषेच्या सेटिंगमध्ये मराठी जोडली की ‘फोनेटिक’ कीबोर्ड मिळतो: इंग्रजी स्पेलिंग टाइप करा, मराठी शब्द उमटतो. इन्स्क्रिप्ट, म्हणजे थेट देवनागरी अक्षरांची कीबोर्ड मांडणी, येत असेल तर उत्तमच. भाषा बदलायला विंडोजचं बटण धरून स्पेसबार.

जुन्या कॉम्प्युटरवर अजून कृती देव किंवा आयएसएम या जुन्या सॉफ्टवेअरच्या जमान्यातले फॉन्ट सापडतात. कार्डासाठी ते वापरू नका. त्या फॉन्टमध्ये आत इंग्रजी अक्षरंच साठवलेली असतात, फक्त दिसतात मराठी. दुसऱ्या कॉम्प्युटरवर तो फॉन्ट नसला की ‘शुभ दीपावली’च्या जागी इंग्रजी अक्षरांची भेळ दिसते. युनिकोड फॉन्ट घ्या, त्यात आतही मराठी अक्षरंच साठवली जातात. गूगल फॉन्ट्सवर ते फुकट उतरवता येतात. मुक्ता साधा आणि स्वच्छ आहे, आतल्या मजकुराला चांगला. बलू गुबगुबीत, लहान मुलांच्या कार्डाला शोभतो. यात्रा वन हा मुंबई लोकलच्या हाताने रंगवलेल्या पाट्यांवरून घेतलेला, मथळ्याला ठसठशीत. टिरो देवनागरी मराठी हा जुन्या पुस्तकी वळणाचा; त्यात ‘शुभ’मधला श आणि ‘लक्ष्मी’तला ल मराठी वळणाचे येतात, हे त्याचं मोठं सुख. बाकी बऱ्याच फॉन्टमध्ये हिंदी वळण येतं. कोणी तक्रार करत नाही, पण जुन्या शाळामास्तरांना कार्ड पाठवायचं असेल तर ल पाकळीचाच हवा.

फॉन्ट बसवला की पूर्ण मजकूर टाइप करायच्या आधी चार शब्द टाइप करून बघा: हार्दिक, शुभेच्छा, समृद्धी, साऱ्यांना. ‘हार्दिक’मध्ये वेलांटी ‘द’च्या आधी आणि रफार वर नीट बसला पाहिजे. ‘शुभेच्छा’त पाय मोडलेला च दिसता कामा नये. ‘साऱ्यांना’मधला अर्धा र आडव्या रेघेसारखा यायला हवा, तो रफार होऊन ‘सार्यांना’ झाला तर साधा र नाही, ऱ टाइप करा. इन्स्क्रिप्टमध्ये तो शिफ्ट धरून जे दाबल्यावर येतो, मग हलन्त, मग य.

वेलांटी चुकत असेल तर दोष सहसा फॉन्टचा नसतो, सॉफ्टवेअर जोडाक्षरं जोडत नसतं. फोटोशॉपमध्ये हे हमखास होतं. तिथे टाइपच्या प्रेफरन्सेसमध्ये दक्षिण आशियाई किंवा वर्ल्ड-रेडी मांडणी निवडावी लागते, त्यानंतर नवी टेक्स्ट बॉक्स उघडून मजकूर पुन्हा टाकायचा. आम्ही लिब्रेऑफिस ड्रॉ हे चित्र आणि मजकूर मांडायचं सॉफ्टवेअर सुचवू. फुकट आहे, एकदा उतरवलं की इंटरनेट लागत नाही आणि मराठी सरळ येतं. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर पहाटे डाउनलोड लावा. त्याच्या भाषा सेटिंगमध्ये ‘कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट’ला मराठी निवडा. एक खोच लक्षात ठेवा: लिब्रेऑफिस देवनागरीचा फॉन्ट आणि आकार इंग्रजीपेक्षा वेगळे साठवतो. मजकूर निवडून कॅरेक्टर खिडकी उघडली की दोन रकाने दिसतात. मराठीसाठी बदल सीटीएलच्या, म्हणजे कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउटच्या रकान्यात करायचा. इंग्रजीच्या रकान्यात कितीही बदललं तरी अक्षर हलत नाही, आणि माणूस चिडून फॉन्टच काढून टाकतो.

आकार: ए६ कार्डाच्या आत १२ ते १३ पॉइंट, मथळा २६ ते ३२. ओळींमधलं अंतर १३० टक्के ठेवा. शंभरावर ठेवलं तर वरच्या ओळीचे उकार खालच्या मात्रांवर आदळतात.

आणि शुद्धलेखन. कार्ड एकदा टाइप होतं, ४० वेळा छापलं जातं. ‘दीपावली’तला दी दीर्घ, ‘दिवाळी’तला दि ऱ्हस्व. गावागावातल्या फ्लेक्सवर ‘दिपावली’ वाचून डोळ्यांना सवय झाली आहे, म्हणून हे नेमकं चुकतं. ‘बलिप्रतिपदा’त लि ऱ्हस्व, ‘भाऊबीज’मध्ये बी दीर्घ, ‘तिळगूळ’मध्ये गू दीर्घ. छापायच्या आधी कार्ड दुसऱ्याला मोठ्याने वाचायला लावा. स्वतः टाइप केलेली चूक स्वतःला दिसत नाही.

चित्र

गूगलवरून उचललेली पणती जवळपास नेहमीच फसवते. स्क्रीनवर छान दिसणारं ६०० पिक्सेलचं चित्र छापताना ३०० डीपीआयने, म्हणजे एका इंचात ३०० ठिपके धरून, फक्त ५ सेंटिमीटर भरतं. ताणलं की चौकटी दिसतात. ए६ कार्डाचं पूर्ण तोंड भरायला १२४० × १७४८ पिक्सेल लागतात. साध्या १२ मेगापिक्सेलच्या मोबाइलचा फोटो ४००० × ३००० असतो, म्हणजे भरपूर. पण तो व्हॉट्सॲपवरून कॉम्प्युटरवर घेतला की आकसतो आणि बारकावे जातात. फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, नाहीतर केबलने घ्या.

चित्राला फार लांब जायचं कारण नाही. दिवाळीच्या सुमारास पऱ्हाटीला, म्हणजे कपाशीच्या झाडाला, फुटलेलं बोंड असतंच. एक बोंड काडीसकट आणा, काळ्या किंवा गडद मरून कापडावर ठेवा, सकाळी आठ-नऊ वाजता ओसरीच्या सावलीत फोटो काढा. उन्हात काढला तर पांढरा कापूस जळाल्यासारखा सपाट येतो आणि एकही तंतू दिसत नाही. मोबाइलच्या स्क्रीनवर बोंडावर बोट टेकवा आणि उजेडाची पट्टी खाली ओढा; कापूस किंचित करडा दिसू लागला की बरोबर. छापल्यावर गडद कापडाशेजारी तो पांढराच दिसतो.

हाताने काढलेल्या चित्राची रीत थोडी वेगळी. कोऱ्या पांढऱ्या कागदावर काळ्या स्केच पेनने काढायला सांगा, पेन्सिलीने नको. मोबाइल कागदाला समांतर धरा, अर्धा मीटर वरून, फ्लॅश बंद. हा फोटो जसाच्या तसा कार्डावर टाकला तर सगळ्यात सामान्य चूक घडते: डोळ्यांना पांढरा वाटणारा कागद फोटोत फिकट करडा असतो, आणि प्रिंटर त्या करड्यासाठी बारीक ठिपके टाकत बसतो. चित्राभोवती मळकट निळसर चौकोन उमटतो. तो घालवायला फोटो जिंपमध्ये उघडा, हेही फुकट सॉफ्टवेअर आहे. ‘कलर्स’मध्ये ‘लेव्हल्स’ उघडा. एक आलेख दिसेल, त्याखाली तीन त्रिकोण. उजवा पांढरा त्रिकोण डावीकडे सरकवत न्या, आलेखातल्या उजवीकडच्या मोठ्या टेकडीच्या डाव्या पायथ्यापर्यंत. ती टेकडी म्हणजेच कागद. आता तो शुभ्र झाला. मग डावा काळा त्रिकोण थोडा उजवीकडे, रेघा दाट होईपर्यंत. एवढ्या दोन हालचालींनी चित्र छापायच्या लायक होतं.

गडद निळ्या आकाशात पणत्या, हे डिझाइन स्क्रीनवर फार मोहवतं. ते टाळा. शाई पाण्यासारखी ओतली जाते, कागद ओला होऊन लाटा पडतात, आडव्या पांढऱ्या रेघा दिसतात आणि घडीवर शाई तडकते. झेंडूचा भगवाही स्क्रीनइतका झळझळीत छापला जात नाही. स्क्रीन उजेडाने रंग दाखवते, शाई उजेड खाऊन. काळ्या रेघांचं चित्र, त्यात एखाद-दोन रंग आणि भरपूर मोकळी जागा, हे घरच्या प्रिंटरला झेपतं. गडद पार्श्वभूमी हवीच तर रंगीत कागद घ्या.

आणखी एक. लक्ष्मीचं चित्र असेल तर ते घडीवर येऊ देऊ नका. देवाच्या तोंडावरून दुमड गेलेली कोणालाच आवडत नाही.

मांडणी

ड्रॉमध्ये नवीन पान उघडा, पेज प्रॉपर्टीजमध्ये ए४, उभं, चारही बाजूंना ५ मिलिमीटर समास. कागदाचं माप ‘लेटर’ राहिलेलं नाही ना, हे बघाच. लेटर कागद ए४ पेक्षा १८ मिलिमीटर आखूड असतो, आणि छापताना खालच्या कार्डाचा तळ कापला जातो. वरच्या आणि डावीकडच्या पट्टीवरून मार्गरेषा ओढा: उभी १०५ वर, आडवी १४८.५ वर. पानाचे चार समान खण झाले.

पहिलं पान म्हणजे कार्डांची बाहेरची बाजू. उजवीकडचे दोन खण ही दोन कार्डांची तोंडं, तिथे चित्र आणि मथळा. डावीकडचे दोन खण पाठ. तिथे खाली बारीक अक्षरात घरच्यांची नावं किंवा काहीच नाही. दुसरं पान म्हणजे आतली बाजू. उजव्या दोन खणांत मजकूर, डावे खण कोरे ठेवा, हाताने दोन ओळी लिहायला. एक कार्ड नीट जमलं की सगळं निवडून ग्रुप करा आणि खालच्या खणात कॉपी करा. मजकुराची चौकट एफ२ दाबून, नेमकी जागा आणि माप एफ४ दाबून.

कडेला लागून चौकट काढू नका. दोन्ही बाजू छापताना कागद एक-दोन मिलिमीटर इकडेतिकडे होतोच. चौकट असली की तो फरक लगेच डोळ्यात भरतो, नसली तर कोणाला कळतही नाही.

चार पदरांचं कार्ड पातळ कागदावर, एकाच बाजूने छापायचं असतं. ए४ उभा, तेच चार खण. खाली उजवीकडे तोंड, खाली डावीकडे पाठ, दोन्ही सरळ. वर उजवीकडे आतलं डावं पान, वर डावीकडे आतलं उजवं पान, आणि हे दोन्ही उलटे, एफ४ मध्ये १८० अंश फिरवून. छापल्यावर वरचा अर्धा भाग मागे दुमडा, मग डावा अर्धा मागे. गोंधळ वाटत असेल तर वहीचं पान घेऊन खणांवर तोंड, पाठ, डावं, उजवं असं लिहून दुमडून बघा. दोन मिनिटांत डोक्यात बसतं. या कार्डाला लेझरही चालतो, कागद उलटवायची भानगडही नाही.

शेवटी पीडीएफ करा. प्रिंटर घरी नसेल आणि झेरॉक्सच्या दुकानात किंवा सेतू केंद्रात छापायचं असेल तर पीडीएफच न्यायची, त्यात फॉन्ट सोबत जातो. मूळ फाइल नेली तर तिथल्या कॉम्प्युटरवर तुमचा फॉन्ट नसतो आणि मांडणी कोलमडते. पेन ड्राइव्हवर फक्त ती एकच फाइल ठेवा. परत आणल्यावर त्या फाइलचा शॉर्टकट झालेला दिसला तर काही उघडू नका, आधी अँटिव्हायरस फिरवा. कागद मात्र स्वतःचा न्या, आणि तो लेझरला चालणारा आहे ना ते विचारा.

छपाई

आधी नोझल चेक, म्हणजे हेडची शाईची भोकं बंद नाहीत ना हे दाखवणारी रेघांची तपासणी. रेघा तुटक आल्या तर हेड क्लीनिंग, फार तर दोनदा. तरी नाही सुधारलं तर प्रिंटर रात्रभर तसाच राहू द्या आणि सकाळी पुन्हा बघा. लागोपाठ पाच-सहा वेळा क्लीनिंग केल्याने शाई फक्त आतल्या वेस्ट पॅडमध्ये, म्हणजे वाया शाई शोषणाऱ्या गादीत जाते, आणि ते भरलं की प्रिंटर काम थांबवतो. आपल्याकडे मे महिन्याच्या ४५ अंशांत हेडवरची शाई सुकते, त्यामुळे उन्हाळाभर आठवड्याला एक रंगीत पान काढलेलं बरं.

प्रिंटर बोर्डाच्या बटणाने बंद करायची सवय असेल तर ती आजच सोडा. प्रिंटरचं स्वतःचं बटण दाबलं की तो हेड कडेला नेऊन रबरी टोपीवर बसवतो. बोर्डावरून वीज तोडली तर हेड उघडाच राहतो आणि सुकतो. छापताना लाइन गेली तर अडकलेला कागद ओढू नका. लाइन आल्यावर प्रिंटर सहसा तो स्वतः बाहेर टाकतो. इंकजेट घरच्या इन्व्हर्टरवर सहज चालतो. लेझर चालवू नका, त्याचा हीटर तापताना एकदम इतकी वीज खेचतो की इन्व्हर्टर ट्रिप होतो.

प्रिंट खिडकीत तीन गोष्टी: स्केल ‘ॲक्चुअल साइज’, ‘फिट’ नाही, नाहीतर सगळं चार-पाच टक्के आकसून घडी मधोमध येत नाही. कागदाचा प्रकार ‘मॅट’, पण कागद ड्रॉइंग किंवा आयव्हरी असेल तर आधी ‘प्लेन’ लावून बघा. मॅटवर शाई जास्त सुटते आणि साध्या कागदावर पसरते. दर्जा ‘हाय’.

आता उलटायचा प्रश्न. साध्या कागदाच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात पेन्सिलीने बाण काढा, तो ट्रेमध्ये घाला, पहिलं पान छापा, बाण कुठे आला ते बघा. मग कागद पुस्तकाचं पान उलटतो तसा, लांब कडेवरून उलटा आणि दुसरं पान छापा. वरची बाजू वरच राहिली का? राहिली असेल तर कागद कसा घातला ते ट्रेवर चिठ्ठी लावून लिहून ठेवा. उद्या नक्की विसराल.

जाड कागद एका वेळी पाचच घाला, आधी पत्ते पिसतात तसा गठ्ठा सुटा करून. पहिल्या पाच कागदांच्या बाहेरच्या बाजू छापून झाल्या की थांबा, बघा. कडेला काळे फराटे येत असतील तर कागद वाकलेला आहे आणि हेड त्याला घासतो आहे; उलट्या बाजूने हलका गुंडाळून सपाट करा. काही प्रिंटरमध्ये ‘प्रिव्हेंट पेपर अब्रेजन’ असा पर्याय असतो, तो चालू करा. बाहेरची बाजू छापल्यावर अर्धा तास पसरून ठेवा, मगच आतली बाजू. गठ्ठा रात्रभर सुकल्याशिवाय रचू नका.

घडी

जाड कागद नुसता हाताने दुमडला की तंतू तुटून घडीवर पांढरी चीर पडते. लेझरची भुकटी तर सालासारखी निघते. आधी कोर पाडायची, म्हणजे घडीच्या जागी दाबून खोलगट रेघ काढायची. संपलेलं बॉलपेन घ्या, शाईचा अंश नको, आणि स्टीलची पट्टी. खाली जुन्या कॅलेंडरची दोन-तीन पानं, म्हणजे टोक थोडं दबेल. कागदाची बाहेरची बाजू वर, १०५ मिलिमीटरवर वर आणि खाली बारीक खूण, पट्टी लावून एकाच दाबात वरून खालपर्यंत रेघ. कापायच्या आधी केली तर दोन्ही कार्डांची कोर एकाच रेघेत पडते. मग खोलगट रेघ बाहेर राहील आणि मागचा उंचवटा घडीच्या आत जाईल असं दुमडा. उलट दुमडलं तर रेघेवरच ताण येऊन कागद फाटतो. दुमडल्यावर वाटीच्या बुडाने घासा, मध्ये कोरा कागद ठेवून, म्हणजे शाईवर चमक येत नाही.

कापताना कटरचे हलके तीन हात, जोर लावून एक नाही. खाली सनमायकाचा तुकडा किंवा फरशी. कार्डं शंभरावर असतील तर तालुक्याच्या प्रेसमध्ये न्या, कटिंग मशीनवर दोन मिनिटांत गठ्ठा कापून मिळतो.

पाकीट आणि पत्ता

चमकी, टिकल्या, मोती नकोत. टपालाच्या शिक्क्याखाली पाकीट फाटतं. कोपऱ्याला हळद-कुंकू लावायचं असेल तर कोरडंच, आणि कार्डात एक कोरा कागद घाला.

खेड्याच्या पत्त्यात ‘मु. पो.’ एकत्र लिहायची सवय असते, ती दोन्ही एकाच गावाला असतील तेव्हाच बरोबर. राहायचं गाव एक आणि पोस्ट शेजारच्या गावात असेल तर मु. वेगळं, पो. वेगळं लिहा, मग ता., जि. आणि पिन. पिन पोस्टाच्या गावाचा हवा. विदर्भातले पिन ४४ ने सुरू होतात. दुसरं काही लिहिलं गेलं असेल तर कार्ड आधी महाराष्ट्रभर फिरून येईल.

पोळ्याला, संक्रांतीला

संक्रांतीचं कार्ड छोटं करा, ए६ ची अर्धी, न दुमडलेली पट्टी. तिळगुळाच्या पुडीला दोऱ्याने बांधता येते. एका ए४ मध्ये आठ बसतात.

पोळ्याचं कार्ड जास्त मजेचं. तान्ह्या पोळ्याच्या, म्हणजे मुलांच्या पोळ्याच्या, लाकडी नंदीचा फोटो बाजूने, त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर मोबाइल ठेवून काढा. वरून काढला तर नंदी बुटका दिसतो आणि चाकं लपतात. मजकुराच्या जागी तुमच्या गावची एखादी झडती, म्हणजे पोळ्यात म्हणतात ते कवन, टाका, शेवटी ‘हर बोला हर हर महादेव’. अडचण फक्त हवेची. श्रावणात कागद ओल धरतो, दोन-दोन एकदम ओढले जातात आणि शाई पसरते. कागदाचा गठ्ठा झाकणाच्या डब्यात ठेवा, लागतील तेवढेच पाच काढा, आणि छापलेली कार्डं दोरीवर चिमट्याने न टांगता पंख्याखाली बाजेवर पसरा. टांगलेली वळतात.